सांगणारा क्रमांक अकरा

तासाला सोळा युरो, आणि एक कागद
ज्यावर मी सही केली:
इथं ऐकलेलं इथंच राहील.
मग हिल्क्का तेरवोनेननं मला हेडफोन दिला,
पायानं दाबायचं पेडल दिलं,
आणि तेवीस माणसांचे आवाज.

संशोधन लांडग्यांवर होतं.
खरं तर लांडगे चोरून मारणाऱ्या माणसांवर.
फिनलंडच्या पूर्व कडेची गावं,
जिथं शिकारी कुत्रा संध्याकाळी परतला नाही
तर कुणी पोलिसांना फोन करत नाही.
नावं तिनं आधीच खोडलेली.
गावं, तळी, स्कूटरचा रंग, सगळं.
कुत्र्याचे पाय किती तेही लिहायचं नाही म्हणाली,
तीन पायांचा कुत्रा कोणाचा
हे तिकडं शेंबडं पोरही सांगेल.

खोकला मात्र खोडता येत नाही.

क्रमांक अकरा बोलायच्या आधी
दोनदा खोकतो.
मग कप बशीवर ठेवल्याचा आवाज.
मी पेडलवरून पाय काढला.
त्या खोकल्याच्या पलीकडच्या खोलीत
मी लहानाची मोठी झाले.
एवढं पुरे. एवढंही जास्तच झालं.
तो माझा कोण, ते मी इथंसुद्धा लिहिणार नाही.

तो सांगत होता: मार्च महिना, बर्फ कडक,
ती दोन तास पळाली, मग बसली.
दमली म्हणून नाही. बसली.
घरी येऊन मी सौना तापवली,
पण धोंड्यांवर पाणी काही टाकवेना,
कोरड्या आचेत बसून राहिलो.
मी टंकलं: विराम, चाळीस सेकंद.

शरदात सरकारी वकिलाचं पत्र आलं.
तेवीसही मुलाखती, मूळ आवाजासह.
विधी विभागाचा माणूस नम्र होता,
म्हणाला, संशोधनाचं स्वातंत्र्य तुमचंच, प्राध्यापक,
सर्व्हर तेवढा आमचा आहे.
अधिष्ठात्यांनी पुढच्या वर्षीच्या निधीची
आठवण काढली, जाता जाता,
हवापाण्याचं बोलावं तशी.
हिल्क्का म्हणाली, शब्द मी दिला.
त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांची कॉफी पिऊन दिला.
विद्यापीठानं कुठं दिला होता,
की आता विद्यापीठ मोडणार?

तिचाच विद्यार्थी ओन्नी, डोळे लाल,
त्यानं चर्चासत्रात विचारलं:
लांडगीनं कोणत्या कागदावर सही केली होती?
खोलीत कोणी ब्र काढला नाही.
हिल्क्कानं खिडकी उघडली, पुन्हा लावली.
मग म्हणाली, मला माहीत नाही.
म्हणाली, पण उद्या पुन्हा त्या दारावर थाप मारली
तर आतून काय ऐकू येईल, ते माहीत आहे.
काहीच नाही.
ओन्नीचं समाधान झालं नाही.
माझंही, रोज होतं असं नाही.

तपास अधिकारी दोनदा आला.
हिल्क्काला विचारलं, अधिष्ठात्यांना विचारलं,
संगणकवाल्या पोराला तर दोन तास.
मी कोपऱ्यात होते, कानांवर हेडफोन.
मला त्यानं विचारलं, टॉयलेट कुठं आहे.
मी दाखवलं.
तासाच्या पगारावरची बाई
काही पोटात ठेवून असेल
असं कोणाच्या मनातही येत नाही.
याचं मला वाईट वाटलं,
आणि बरंही.

प्रकरण कोर्टात आहे.
हिल्क्काच्या खोलीतलं कपाट मोहोरबंद,
ती आता मासेमारीच्या जाळ्यांवर शिकवते,
ज्यावर कोणी कोणाला पकडत नाही.

जूनमध्ये, सगळ्यात लांब दिवशी,
तळ्याकाठी आम्ही सगळे जेवायला बसलो.
नवे बटाटे, शेपू, लोणी.
तो समोर होता.
दोनदा खोकला.
मी हातातली सुरी खाली ठेवली.
डास, पाणी, पलीकडं कोणाचं तरी वल्हं.
मी मोजत होते.
चाळीसपर्यंत गेले, पुढंही गेले.
मग तो म्हणाला,
मीठ दे.